सुरक्षिततेचा निर्णय : व्यक्तीचा की समाजाचा?

(रस्ता सुरक्षा सप्ताहानिमित्त पदवी व पदव्युत्तर विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



सुरक्षिततेवरील व्याख्यानात काय सांगितले जाणार, हे श्रोत्यांना बहुधा आधीच ठाऊक असते. हेल्मेट घाला, पट्टा बांधा, वेग आवरा. हा उपदेश योग्यच आहे. परंतु तो करण्यासाठी अर्थशास्त्राच्या अभ्यासकाची गरज नाही. म्हणून आज या उपदेशामागे दडलेला एक प्रश्न मी आपल्यापुढे मांडू इच्छिते. स्वतःच्या जिवाला किती धोका पत्करायचा, हे ठरविण्याचा अधिकार प्रौढ नागरिकाचा असावा, की समाजाने कायद्याच्या मार्गाने ते ठरवून द्यावे?

हेल्मेटसक्तीचा विषय निघाला की पुण्यासारख्या सुशिक्षित शहरातही 'डोके माझे आहे, सरकारचा संबंध काय?' असा प्रश्न विचारला जातो. या प्रश्नाची थट्टा करून तो टाळता येणार नाही. त्यामागे स्वातंत्र्याची एक गंभीर भूमिका आहे आणि लोकशाहीत तिला गंभीर उत्तर मिळायला हवे.

स्वातंत्र्याची बाजू

जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'ऑन लिबर्टी' या ग्रंथात एक सोपे उदाहरण दिले आहे. एक मनुष्य मोडकळीस आलेल्या पुलावर पाऊल टाकीत आहे. पूल धोकादायक असल्याचे त्याला ठाऊक नाही आणि सांगायला वेळही नाही, तर त्याला ओढून मागे घेण्यात त्याच्या स्वातंत्र्याचा भंग होत नाही; कारण नदीत पडण्याची त्याची इच्छाच नाही. मात्र पडण्याची केवळ शक्यता असेल आणि तो मनुष्य जाणता असेल, तर त्याला धोक्याची सूचना द्यावी, बळाने अडवू नये. जो धोका ज्याचा त्याच्यापुरता आहे, तेथे माहिती देणे हे समाजाचे काम व निर्णय घेणे हे व्यक्तीचे काम, अशी ही विभागणी आहे.

अर्थशास्त्रानेही ही भूमिका मोठ्या प्रमाणात स्वीकारली. आपले उत्पन्न, वेळ आणि सोय यांचे मोल व्यक्तीला जितके कळते, तितके मंत्रालयातील अधिकाऱ्याला कळणार नाही. शिवाय शून्य धोका हे मानवी जीवनाचे उद्दिष्ट कधीच नव्हते. मच्छीमार समुद्रात जातो, गिर्यारोहक हिमालयात जातो. धोका पत्करण्याची मुभाच काढून घेतली, तर साहस आणि उपजीविका ही दोन्ही संपतील.

शिकागो विद्यापीठाचे सॅम पेल्ट्झमन यांनी १९७५ मध्ये आणखी एक आक्षेप नोंदविला. मोटारगाड्या कायद्याने अधिक सुरक्षित केल्या की चालक अधिक बेफिकीर होतो, त्यामुळे वाचलेले जीव दुसरीकडे, विशेषतः पादचाऱ्यांच्या रूपाने, गमावले जातात, असे त्यांचे प्रतिपादन होते. या मतावर पुढे पुष्कळ संशोधन झाले. सुरक्षा साधनांमुळे वर्तनात काही बदल होऊ शकतो. परंतु साधनाचा सारा लाभ त्यामुळे नाहीसा होतो, असे सर्वसाधारणपणे दिसून आलेले नाही. तरीही माणूस नियमाला प्रतिसाद देतो, यंत्रासारखा वागत नाही, ही पेल्ट्झमन यांची शिकवण धोरणकर्त्यांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

आकडे काय सांगतात?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. या मृतांपैकी सुमारे ४४ टक्के दुचाकीवरील होते. हेल्मेट न घातलेल्या मृतांची संख्या ५०,०२९ होती. त्यांत १४,३३७ जण मागे बसलेले सहप्रवासी होते. सीट बेल्ट न लावलेल्या मृतांची संख्या १६,७१५ होती आणि त्यांतही जवळजवळ निम्मे प्रवासी होते, चालक नव्हते.

हेल्मेट असते तर हे सर्वच वाचले असते, असा दावा कोणी करू नये. उपलब्ध अभ्यासांचा एकत्रित आढावा २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार हेल्मेटमुळे अपघातग्रस्त दुचाकीस्वाराच्या मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो. हे प्रमाण ढोबळपणे लावले, तरी एका वर्षात वीस हजारांच्या आसपास जीव वाचण्याची शक्यता दिसते. हजार-दीड हजार रुपयांच्या आणि अनेक वर्षे टिकणाऱ्या वस्तूने इतका लाभ देणारी उदाहरणे सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रात थोडीच आहेत.

व्हिएतनाम हा आपल्यासारखाच दुचाकींचा देश. तेथे १५ डिसेंबर २००७ पासून सर्व रस्त्यांवर, चालक व सहप्रवासी या दोघांनाही हेल्मेट सक्तीचे झाले. वापराचे प्रमाण अल्पावधीत नव्वद टक्क्यांच्या वर गेले. पहिल्या तीन महिन्यांत रुग्णालयांत आलेल्या अपघातग्रस्तांमध्ये डोक्याच्या दुखापतीचा धोका सुमारे १६ टक्क्यांनी व मृत्यूचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. हेल्मेट तेथे आधीही दुकानांत मिळत होते आणि त्याचे फायदेही सांगितले जात होते. कायदा व त्याची अंमलबजावणी एकाच दिवशी सर्वांना लागू झाली, हा त्यानंतरचा फरक होता.

व्यक्तीचा अंदाज का चुकतो?

लाभ इतका स्पष्ट असेल, तर जाणता माणूस स्वतःहून हेल्मेट का घालत नाही? तो अडाणी आहे, हे उत्तर पुरेसे नाही. डॉक्टर, अभियंते व प्राध्यापकही हेल्मेट आरशाला अडकवून गाडी चालविताना दिसतात.

याचे पहिले कारण अनुभवात आहे. समजा, एक व्यक्ती दिवसाला दोन फेऱ्या, वर्षाला ३०० दिवस, अशी ४० वर्षे दुचाकी चालविते. हे २४,००० प्रवास झाले. त्यांतील प्रत्येक सुखरूप प्रवास तिला एकच धडा देतो, 'काही होत नाही.' अनुभव हा उत्तम गुरू मानला जातो. परंतु क्वचित घडणाऱ्या आणि घडल्यास सुधारता न येणाऱ्या घटनेबाबत हा गुरू फसवा ठरतो. हजारो वेळा तो चुकीचा धडा देतो आणि बरोबर धडा देतो त्या वेळी शिष्य शिकण्याच्या स्थितीत राहिलेला नसतो.

दुसरे कारण आत्मविश्वासाचे. स्वीडिश मानसशास्त्रज्ञ ओला स्वेन्सन यांनी १९८१ मध्ये दाखवून दिले, की बहुसंख्य चालक स्वतःला सरासरी चालकापेक्षा अधिक कुशल आणि अधिक सुरक्षित समजतात. सर्वांनीच निम्म्याहून वरचे असणे गणिताला मान्य नाही. म्हणून आकडेवारी ऐकली, तरी ती 'इतरांची' वाटते.

तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. पुढे २००५ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळालेले थॉमस शेलिंग यांनी १९७३ मध्ये बर्फावरील हॉकीच्या खेळाडूंविषयी एक निबंध लिहिला. हे खेळाडू स्वेच्छेने हेल्मेट घालीत नसत. परंतु सर्वांना सक्ती झाल्यास ती हवीच, असे त्यांच्यापैकी अनेकांचे मत होते. यात विसंगती नाही. एकट्याने हेल्मेट घातले तर नजरेच्या टापूत थोडी घट होते आणि सोबत्यांत भित्रेपणाचा शिक्का बसतो. सर्वांनी घातले तर कोणाचेच नुकसान होत नाही. आपल्या महाविद्यालयांच्या वाहनतळावर हेच घडते. मित्रांच्या घोळक्यात पहिले हेल्मेट घालणे जड जाते. अशा वेळी नियम हा विद्यार्थ्याच्या इच्छेविरुद्ध जातोच असे नाही. कित्येकदा त्याच्या मनात असलेली गोष्ट करण्याची सोय तो करून देतो.

'माझे डोके' आणि इतरांचा खर्च

मिल यांच्या युक्तिवादाची एक अट आहे. परिणाम त्या व्यक्तीपुरता असावा. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याने ही अट पैशाच्या रूपात लिहून काढली. तेथे २००० मध्ये एकवीस वर्षांवरील चालकांना हेल्मेटमधून सूट मिळाली. मात्र त्यासाठी किमान दहा हजार डॉलरचा वैद्यकीय विमा आवश्यक ठरविण्यात आला. धोका तुमचा, खर्चही तुमचा, हे तत्त्व दिसायला न्याय्य आहे. प्रत्यक्षात मोटारसायकलस्वारांचे मृत्यू वाढले. त्या काळात मोटारसायकलींची संख्याही वाढली होती, हे खरे. परंतु नोंदणीकृत वाहनांच्या प्रमाणातही ही वाढ दिसली. शिवाय डोक्याला मार लागून रुग्णालयात दाखल झालेल्या बहुतांश रुग्णांच्या उपचारांचा खर्च दहा हजार डॉलरच्या पलीकडे गेला. उरलेला भार इतरांवरच पडला.

भारतात तर हे अधिकच खरे आहे. अपघातग्रस्ताला पहिल्या सात दिवसांत दीड लाख रुपयांपर्यंत रोकडरहित उपचार देणारी केंद्राची योजना मे २०२५ मध्ये अधिसूचित झाली. ती स्वागतार्ह आहे. रस्त्यावर विव्हळणाऱ्या माणसाला 'हेल्मेट होते का?' असे विचारून उपचार नाकारणारा समाज आपल्याला नको आहे. परंतु आपण त्याला टाकून देणार नसू, तर त्याचा निर्णय केवळ त्याचा राहत नाही, हेही मान्य करावे लागेल.

सरकारी तिजोरीपेक्षाही मोठा भार कुटुंबावर येतो. जागतिक बँकेने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतविषयक अभ्यासात, अपघात झालेल्या गरीब कुटुंबांपैकी पंच्याहत्तर टक्क्यांहून अधिक कुटुंबांनी उत्पन्न घटल्याचे सांगितले. कमावत्या माणसाचा मेंदू जायबंदी झाला की पत्नीचा रोजगार सुटतो, मुलीची शाळा सुटते, जमीन किंवा दागिने गहाण पडतात. डोके त्याचे असते; त्याची किंमत मात्र ज्यांना कोणी विचारलेच नव्हते, ते मोजत राहतात.

येथे एका धोक्याची सूचना दिली पाहिजे. 'समाज खर्च करतो, म्हणून समाज ठरवील' हे सूत्र मोकाट सोडले, तर उद्या आपल्या ताटातील तूप आणि साखरही सरकार मोजू लागेल. म्हणून सक्तीसाठी तीन अटी असाव्यात. नागरिकावर पडणारा भार अल्प असावा, टळणारी हानी मोठी व न भरून येणारी असावी आणि उपायाची परिणामकारकता पुराव्याने सिद्ध झालेली असावी. हेल्मेट व सीट बेल्ट या तिन्ही अटी पूर्ण करतात. प्रत्येक चांगली सवय त्या पूर्ण करीत नाही.

संमती लाचारीची असेल तर?

आतापर्यंत आपण पर्याय उपलब्ध असलेल्या नागरिकाचा विचार केला. आता मलवाहिनीत उतरणाऱ्या कामगाराकडे वळू. तोही आपल्या सुरक्षिततेचा 'निर्णय' घेतो. आत विषारी वायू असू शकतो, हे त्याला माहीत असते. अॅडम स्मिथ यांनी १७७६ मध्ये म्हटले होते, की कष्टाच्या व अप्रिय कामाला बाजार अधिक मजुरी देऊन भरपाई करतो. मग हा कामगार श्रीमंत का नाही? कारण ही भरपाई मिळण्यासाठी कामगाराला नकार देण्याची ताकद लागते. जातीने आणि दारिद्र्याने ज्याचे इतर दरवाजे बंद केले आहेत, त्याचा होकार ही निवड म्हणता येत नाही.

म्हणूनच २०१३ च्या हाताने मैला साफ करण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याने मलवाहिन्या व सेप्टिक टँक यांच्या धोकादायक सफाईसाठी कोणालाही कामावर लावण्यास मनाई केली. शिक्षेची तरतूद कामगारासाठी नाही, त्याला काम देणाऱ्यासाठी आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशा मृत्यूंसाठी दहा लाख रुपये भरपाई ठरविली व ऑक्टोबर २०२३ मध्ये ती तीस लाख रुपये केली. तरीही हे मृत्यू थांबलेले नाहीत. यंत्र आणण्यापेक्षा माणूस उतरविणे जोवर स्वस्त पडते, तोवर ते घडत राहील. येथे 'व्यक्तीवर विश्वास ठेवा' या तत्त्वाचा लाभ केवळ कंत्राटदाराला होतो.

संरक्षणाच्या नावाखाली निर्बंध

आता नाण्याची दुसरी बाजू. सुरक्षिततेच्या नावाने समाजाने ज्यांच्यावर सर्वांत कमी विश्वास ठेवला, त्या म्हणजे स्त्रिया. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ६६ नुसार स्त्रियांना सायंकाळी सातनंतर कारखान्यात काम करण्यास मनाई होती. हेतू संरक्षणाचा सांगितला गेला. परिणाम रोजगार गमावण्याचा झाला. मद्रास उच्च न्यायालयाने २००० मध्ये ही तरतूद घटनाबाह्य ठरविली. मद्य पुरविले जाते अशा ठिकाणी स्त्रियांना नोकरीस बंदी करणारे १९१४ च्या पंजाब अबकारी कायद्याचे कलम सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००७ मध्ये 'अनुज गर्ग' खटल्यात रद्द केले. स्त्रीचे स्वातंत्र्य आखडण्याऐवजी तिला निर्भयपणे काम करता येईल अशी परिस्थिती निर्माण करणे हे राज्याचे कर्तव्य होय, असा त्या निकालाचा आशय आहे. पश्चिम बंगाल सरकारने २०२४ मध्ये महिला डॉक्टरांची रात्रपाळी शक्यतो टाळण्याची सूचना काढली, तेव्हाही सर्वोच्च न्यायालयाने हाच आक्षेप घेतला.

येथे मी आपल्याला दिल्लीतील एक विसंगती सांगते. स्त्रीला रात्री कामावर जाण्यापासून अडविणाऱ्या आपल्या व्यवस्थेने राजधानीत २०१४ पर्यंत दुचाकीवरील स्त्रियांना हेल्मेटमधून मात्र सूट दिली होती. जेथे अडविण्याची गरज नव्हती तेथे संरक्षण आणि जेथे संरक्षणाची गरज होती तेथे सवलत! ऑगस्ट २०१४ मध्ये शीख स्त्रिया वगळता इतर स्त्रियांची ही सूट संपली.

हेल्मेट डोक्यावर असूनही स्त्री हवे तेथे जाऊ शकते. रात्रपाळीच्या बंदीने तिचे जाणेच थांबते. एक नियम प्रवास सुरक्षित करतो, दुसरा प्रवासच काढून घेतो. दोहोंना 'सुरक्षितता' हे एकच नाव दिल्याने हा भेद झाकला जातो.

राज्यसंस्थेची परतफेड

मग समाजाने व्यक्तीवर विश्वास ठेवावा का? माझे उत्तर असे, की कोणत्याही नियमापूर्वी चार प्रश्न विचारावेत. धोका पत्करणाऱ्याला त्याचे स्वरूप कळते का? परिणाम तोच भोगतो का? त्याला दुसरा पर्याय खरोखर उपलब्ध आहे का? आणि नियमामुळे त्याचा मार्ग सुरक्षित होतो की बंद होतो? पहिल्या तीन प्रश्नांचे उत्तर 'होय' असेल, तेथे गिर्यारोहकाप्रमाणे माणसाला मोकळे सोडावे. पर्याय नसेल तेथे पर्याय देणाऱ्यावर जबाबदारी टाकावी. आणि मार्गच बंद होत असेल, तर नियमाकडे संशयाने पाहावे.

मात्र सक्ती करणाऱ्या राज्यसंस्थेवरही ऋण चढते. २०१९ च्या दुरुस्तीने हेल्मेट नसल्यास एक हजार रुपये दंड व तीन महिने परवाना स्थगितीची तरतूद झाली. घरपोच जेवण पोहोचविणाऱ्या तरुणासाठी ही शिक्षा म्हणजे काही दिवसांची कमाई आणि रोजगाराचे साधन आहे. त्याच दुरुस्तीतील कलम १९८-अ नुसार सदोष रस्ता बांधणाऱ्या किंवा देखभालीत कसूर करणाऱ्या यंत्रणेला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पहिल्या तरतुदीची पावती चौकाचौकांत फाडली जाते. दुसऱ्या तरतुदीचा वापर तितक्याच तत्परतेने झाला, तरच नागरिकाला कायद्याचा हेतू पटेल.

तसेच हेल्मेट सक्तीचे करताना ते खरे हेल्मेट असेल, ही हमी राज्याने द्यावयाची आहे. १ जून २०२१ पासून भारतीय मानक चिन्हाविना दुचाकीचे हेल्मेट बनविण्यास व विकण्यास बंदी आहे. तरी पदपथावर तकलादू टोप्या विकल्या जातात व दंड चुकविण्यापुरत्या घेतल्या जातात. कवचाच्या आतील थर पुरेसा आहे की नाही, हे ग्राहकाला डोळ्यांनी ओळखता येत नाही. ते तपासण्याचे काम त्याच्यावर सोडणे हा विश्वास नसून जबाबदारी झटकणे आहे.

विद्यार्थी मित्रांनो, आपल्यापैकी काही जण उद्या प्रशासनात, काही कारखान्यांत, काही नगरपालिकांत जातील. तुमच्या टेबलावर सुरक्षिततेच्या नियमाचा मसुदा येईल, तेव्हा त्याचा भार कोणावर पडतो आणि सोय कोणाची होते, हे आधी तपासा. कामगाराच्या होकाराची सही पुढे आली, तर त्याला नकार देता आला असता का, हे विचारा. आणि आज या सभागृहातून बाहेर पडून वाहनतळावर जाल, तेव्हा मागे बसणाऱ्या मैत्रिणीसाठी वा मित्रासाठी दुसरे हेल्मेट आहे का, तेही पाहा. २०२२ मधील त्या चौदा हजार सहप्रवाशांपैकी अनेकांना हा प्रश्न बहुधा कोणी विचारलाच नसेल.